स्वमग्न मूल आणि दोघांचा संसार

मूल दोन-अडीच वर्षांचे झाले तरी हाकेला वळून पाहत नाही, हे बहुतेक घरांत आधी आईच्या लक्षात येते, आणि तिला मिळणारे उत्तरही ठरलेले असते: ‘त्याचा बापही उशिराच बोलायला लागला होता.’ एकाची काळजी दुसऱ्याला उगाचची वाटते आणि नवरा-बायकोतला पहिला दुरावा इथेच सुरू होतो. स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाल्यावर दोष कोणाचा, हा शोध सुरू होतो. आईच्या मायेअभावी मूल असे होते, हे मत एकेकाळी तज्ज्ञांनीच रूढ केले होते. ते खोटे ठरून अनेक दशके लोटली, तरी ‘नोकरी केलीस म्हणून’ हे वाक्य कोल्हापुरात राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत आजही ऐकू येते. त्या क्षणी नवरा गप्प राहिला, तर त्याचे गप्प राहणे तिला त्या वाक्याहूनही अधिक लागते.

अशा मुलांचे आईवडील हमखास विभक्त होतात, ही समजूत मात्र खरी नाही. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न मुलांच्या ३९१ पालकांमध्ये घटस्फोटाचे प्रमाण २३.५ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या पालकांमध्ये १३.८ टक्के आढळले. धोका वाढतो, हे खरे. पण बहुसंख्य संसार टिकले होते. इतर घरांत मूल साधारण आठ वर्षांचे झाल्यावर हा धोका ओसरतो, या घरांत मात्र ते तरुण होईपर्यंत कायम राहतो. म्हणूनच चार दिवस दम धरून भागत नाही, रोजची घडीच दोघांना नव्याने बसवावी लागते.

शिरोलीच्या फाउंड्रीतून रात्रपाळी करून आलेला बाप आणि मुलासोबत रात्रभर जागलेली आई, दोघेही थकलेले असतात. ती दिवसाची हकीकत सांगू लागली की तो लगेच ‘दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ’ म्हणतो, तिला मात्र आधी कोणीतरी ऐकून घ्यायला हवे असते. ज्या घरांत वडील स्वतः स्पीच थेरपीला बसून सराव शिकतात, तिथे आईवरचा भार खऱ्या अर्थाने उतरतो, कारण मग ती सांगेल तेवढेच करणारा मदतनीस तो उरत नाही. सणांचेही तसेच. विसर्जनाच्या दिवशी डॉल्बीचा आवाज मुलाला सोसत नसेल, तर त्याला घेऊन गावी कोण जाणार आणि घरच्या आरतीला कोण थांबणार, हे आधीच ठरलेले असले की त्या दिवसाचे भांडण टळते.

सर्वांत अवघड विषय म्हणजे आपल्यामागे याचे कोण. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार अठरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. तो अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी भाऊ, बहीण की मावशी, हे दोघांनी मिळून बोलायला हवे, आणि ज्यांचे नाव घ्यायचे त्यांनाही विचारायला हवे.