कोटावर फूल कोणाच्या, मनगटावर कोणाच्या? बटनहोल आणि कोर्साजचा मानपान

नमस्कार मंडळी! लग्नाच्या फुलांची ऑर्डर द्यायला गेलं की वधूचा गुच्छ, टेबलावरची फुलं, प्रवेशद्वाराची सजावट हे सगळं पटापट ठरतं. मग फुलवाला वही पुढे ओढतो आणि विचारतो, "बटनहोल किती? कोर्साज किती?" आणि नवरा-नवरी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात. अंदाजाने एक आकडा सांगून मोकळे होतात, आणि तिथेच रुसव्या-फुगव्यांची सोय होऊन जाते. आकडा शेवटी काढायचा. आधी नावं लिहायची.

[क्लोज-अप: टेबलावर दोन्ही वस्तू]

हे बटनहोल. कोणी याला बुटोनियरही म्हणतात. बहुतेक वेळा एकच फूल, मागे एखादं पान, आणि टेप गुंडाळलेला देठ. सुटाच्या डाव्या लॅपलवर, म्हणजे कोटाच्या छातीवरच्या दुमडलेल्या पट्टीवर लागतं. हे दुसरं कोर्साज. दोन-तीन छोटी फुलं, थोडा पाला, रिबन. हे बायकांसाठी, ड्रेसवर पिनेने किंवा मनगटावर बँडने.

आता यादी. जिच्या हातात गुच्छ आहे तिला कोर्साज लागत नाही. म्हणजे वधू आणि तिच्यासोबत उभ्या राहणाऱ्या ब्राइड्समेड यादीतून बाहेर. बटनहोल नवऱ्याला, त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या खास मित्राला म्हणजे बेस्ट मॅनला, बाकीच्या सोबती मित्रांना म्हणजे ग्रूम्समनना, पाहुण्यांना जागा दाखवणाऱ्या अशरना आणि दोघांच्या वडिलांना. अंगठ्या घेऊन येणाऱ्या छोट्याला अगदी लहानसं. कोर्साज दोघांच्या आयांना. आजी-आजोबा असतील तर त्यांनाही हक्काचं. इथवर कोणाचं दुमत नसतं.

घोडं अडतं ते पुढे. आत्या, मावशी, काका, मामा, समारंभात वाचन करणारी मैत्रीण, गाणारा चुलतभाऊ. यातल्या कोणाला द्यायचं?

हे फूल म्हणजे सरळसरळ मानपान आहे. पाहुणा बघतो आणि त्याला कळतं, ही घरची माणसं. त्यामुळे मी दोनच गोष्टी बघते. या माणसाकडे समारंभात काही काम आहे का? असेल, तर फूल. वाचन करणारी मैत्रीण आली, गाणारा भाऊ आला. नसेल, तर दुसरी गोष्ट: रेघ नात्यावर ओढायची, माणसावर नाही. सगळ्या मावश्यांना द्या किंवा एकीलाही देऊ नका. "मोठ्या मावशीचं आमच्याकडे फार आहे हो" म्हणून तिला एकटीला दिलंत, तर धाकटी काही बोलणार नाही, पण फोटो बघताना तिला ते बरोबर दिसेल. याला अपवाद एकच. जिने किंवा ज्याने तुम्हाला लहानाचं मोठं केलं ती व्यक्ती नात्याने कोणीही असो, तिला आई-वडिलांच्या बरोबरीचं फूल. तिथे बाकीचेही हरकत घेत नाहीत.

सावत्र आई-वडिलांचं काय, हे तुम्ही विचारणार याची खात्री होती. माझं मत स्पष्ट आहे. वडील आणि सावत्र वडील दोघंही येणार असतील, तर दोघांना सारखंच फूल. "सावत्र वडिलांचं जरा छोटं करू या" ही तडजोड वरवर समजूतदार वाटते, पण त्यात त्या माणसाला मान देऊन लगेच काढून घेतल्यासारखं होतं. त्यापेक्षा वाईट काही नाही. हेच वडिलांच्या दुसऱ्या पत्नीचं. फक्त तुमच्या आईला हे आधी माहीत हवं, आणि ते तुम्ही स्वतः सांगायचं, लग्नाचं काम बघणाऱ्या माणसाने नाही. लग्नाच्या सकाळी दुसऱ्या कोणाच्या मनगटावर बघून तिला कळता कामा नये.

आई किंवा वडील हयात नसतील, तर काही जण पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर त्यांच्या नावाचं फूल ठेवतात. सुंदर गोष्ट आहे. पण आधी हयात असलेल्या पालकाला विचारा. एखाद्याला त्या खुर्चीशेजारी तासभर बसणं झेपत नाही.

बेस्ट मॅनच्या जागी मैत्रीण उभी राहणार असेल, तर बाकीच्या ग्रूम्समनचं जे फूल तेच तिलाही, तिच्या कपड्यांवर बसेल अशा पद्धतीने. फूल कामाप्रमाणे जातं. समारंभ चालवणाऱ्या धर्मगुरूंना थेट विचारा. अंगावर विधीचे कपडे असले की अनेकांना फूल नको असतं. सैन्याच्या गणवेशात येणाऱ्यालाही तेच, त्यांचे स्वतःचे नियम असतात. आणि दारात टोपली ठेवून सरसकट सगळ्या पाहुण्यांना फुलं? हौस असेल तर करा. पण मग घरच्यांच्या फुलाचा रंग वेगळा ठेवा, नाहीतर एवढी डोकेफोड केली कशासाठी?

नवऱ्याचं फूल मात्र गर्दीत उठून दिसलं पाहिजे. सोपी रीत म्हणजे वधूच्या गुच्छातलं मुख्य फूल त्याच्या कोटावर, आणि बाकीच्यांना त्याच रंगातलं दुसरं एखादं. 1840 साली लग्नाच्या वेळी व्हिक्टोरिया राणीने आपल्या गुच्छातली फुलं नवरदेव अल्बर्टला दिली आणि त्याने तिथल्या तिथे कोटाला चीर पाडून ती खोचली, अशी एक गोष्ट सांगतात. दंतकथाच ती. पण गुच्छातलं फूल कोटावर लावायचा रिवाज टिकून आहे, हे खरं.

फुलं कोणती घ्यायची? ज्यांना पाण्याबाहेर तास न् तास काढता येतात ती. गुलाब, स्प्रे रोझ, कार्नेशन, ऑर्किड. हायड्रेंजिया आणि स्वीट पी पाण्यावाचून लवकर माना टाकतात. गार्डेनियाचा वास अप्रतिम, पण पाकळीला नुसतं बोट लागलं तरी तपकिरी डाग पडतो, आणि लग्नात माणसं गळाभेट घेतल्याशिवाय राहत नाहीत. लिली घेतलीत तर परागकोश आधीच काढून टाकायला सांगा, पांढऱ्या शर्टावरचा तो पिवळा डाग सहजासहजी जात नाही. फुलं आदल्या रात्री घरी आणणार असाल, तर फ्रिजमधली फळं बाहेर काढा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कार्नेशन मिटून बसतं.

[क्लोज-अप: कोट]

आता लावायचं कसं ते बघा. लॅपल उलटवा. चांगल्या सुटाला इथे काजाच्या मागे दोऱ्याचा एक छोटा फासा असतो, दिसतोय? तो देठासाठीच असतो. काज उघडं असेल तर देठ त्यातून मागे घ्या आणि फाशात अडकवा, पिनेची गरजच नाही. फासा नसेल तर फूल काजावर ठेवा, देठ खाली. पीन मागून आत घाला, देठ तिरका पकडा, परत मागे काढा. टोक लॅपलच्या कापडातच लपलं पाहिजे, छातीकडे वळता कामा नये. समोरून पीन अजिबात दिसत नाही. बघा.

कोर्साजच्या आधी आयांना एकच प्रश्न विचारा: काय घालणार आहात? रेशीम किंवा शिफॉन असेल तर पिनेच्या वजनाने कापड लोंबतं, भोकंही राहतात. तिथे मनगटाचंच घ्या, आणि ज्या हाताने फारसं काम करत नाहीत त्या हातात बांधा. पिनेचं कोर्साज डावीकडे की उजवीकडे, यावर दोन्ही मतांची माणसं भेटतील. मी वाद घालत नाही. दोन्ही विहिणींचं एकाच बाजूला असू द्या, म्हणजे झालं.

पिनेऐवजी चुंबकही मिळतं, कापडाला भोक पडत नाही म्हणून लोकांना आवडतं. पण ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांच्या छातीवर चुंबक लावायचं नाही. बटनहोल नेमकं डाव्या छातीवर येतं आणि पेसमेकरही बहुतेक वेळा तिथेच असतो. आजी-आजोबांना आधी विचारून घ्या. शंका असेल तर मनगटाचा बँड.

शेवटचं काम खोक्याचं. फुलवाल्याला आकड्याबरोबर नावांची यादी द्या आणि प्रत्येक फुलाला नावाची चिठ्ठी लावून मागा. "वडील" एवढंच लिहू नका, तिथे दोन वडील असणार, कधी तीन. फोटो सुरू व्हायच्या आधी सगळी फुलं लागलेली हवीत, कारण पहिले फोटो नेमके घरच्यांचेच असतात. हे काम एकाच माणसाकडे द्या, ज्याला दोन्हीकडची मंडळी चेहऱ्याने ओळखतात. दोन फुलं जादा मागवा. एक विसरलेल्या माणसासाठी. दुसरं नवऱ्यासाठी, कारण शंभरेक मिठ्यांनंतर त्याचं पहिलं फूल चपटं झालेलं असेल, आणि रात्रीच्या जेवणाचे फोटो अजून बाकी असतील.