तोफखान्यासमोर न जाण्याचे शहाणपण

श्रोतेहो, नमस्कार. स्वतःत काही सुधारणा घडवायची म्हटले की हल्ली तलवारी, गर्जना करणारे सिंह आणि धगधगती वाक्ये यांचा आपल्यावर भडिमार होतो. लढवय्याची वृत्ती म्हणजे जोशात तुटून पडणे, असा समज त्यातून पसरतो, आणि सोमवारी पहाटे पाचला उठण्याची भीष्मप्रतिज्ञा करणारे आपण गुरुवारपर्यंत गारद होतो. यावर उतारा म्हणून मी एका मोहिमेची गोष्ट सांगणार आहे. तिच्यात तुटून पडणे थोडे आहे आणि टाळणे फार आहे.

गोष्ट 1727 सालची. चौथाईचे, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्शाचे, खरे हक्कदार साताऱ्याचे छत्रपती की कोल्हापूरचे, हे ठरल्याशिवाय पैसे देणार नाही, अशी सबब दख्खनचा सत्ताधीश निजामउल्मुल्काने पुढे केली. पेशवे बाजीराव तेव्हा 27 वर्षांचे होते. (या पुरुषाचे नाव निघताच लोकांना फक्त त्याचे प्रेमप्रकरण आठवते, याचे मला फार वाईट वाटते, असो.) निजामाजवळ उत्तम तोफखाना होता. मराठ्यांनी मोकळ्या मैदानात समोर येऊन लढावे, एवढीच त्याची इच्छा होती आणि नेमकी तीच पुरी करायची नाही, असे बाजीरावांनी ठरवले. पावसाळा सरताना ते निघाले, जालन्याच्या मुलखात शिरले, वऱ्हाडातून खानदेशात गेले आणि बुऱ्हाणपुरावर चालून जाणार अशी त्यांनी हूल उठवली. निजाम ते शहर वाचवायला धावला, तोवर बाजीराव गुजरातेत उतरले होते.

पाठलागाने वैतागलेल्या निजामाने मग आपला डाव टाकला. त्याने थेट पुण्यावर चाल करून पुणे घेतले. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज यांना घेऊन बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा पुरंदरावर गेले. श्रोतेहो, इथे क्षणभर थांबा. आपल्याच मुलखात शत्रू बसला आहे आणि छत्रपतींना गडाचा आसरा घ्यावा लागला आहे, अशी बातमी आल्यावर कोणता सेनापती माघारी धावला नसता? बाजीराव धावले नाहीत. ते उलट औरंगाबादेच्या रोखाने निघाले, कारण निजामाचा जीव तिथे अडकला होता. आता धावण्याची पाळी निजामावर आली. त्याने पुणे सोडले आणि गोदावरीकडे लवकर पोहोचायचे म्हणून अवजड तोफखाना मागे ठेवला. ज्या बळावर त्याची मदार होती, ते त्याने स्वतःच्या हाताने दूर केले. फेब्रुवारी 1728 अखेर वैजापूरजवळच्या पालखेड येथे मराठ्यांच्या घोडदळाने त्याला वेढले आणि त्याचे अन्न व पाणी तोडले. मोठी लढाई झालीच नाही. 6 मार्चला मुंगी-शेवगाव येथे तह झाला आणि चौथाई व सरदेशमुखीचा (महसुलाच्या आणखी दहाव्या हिश्शाचा) हक्क निजामाने मान्य केला.

यातल्या दोनच गोष्टी मी पुन्हा सांगतो. शत्रूला हव्या त्या मैदानात बाजीराव गेले नाहीत, ही पहिली. पुणे गेले तरी ते वळले नाहीत, ही दुसरी.

आता आपल्याकडे येऊ. फरसाणाचा डबा समोर उघडा ठेवून संयमाची परीक्षा पाहणे म्हणजे तोफांपुढे छाती काढून उभे राहणे होय. त्यापेक्षा वाण्याच्या यादीतूनच फरसाण वगळावे; रसद तुटली की निर्धार फारसा लागत नाही. रात्री उशाशी फोन ठेवून झोपेशी झुंजणाऱ्याने तो बाहेरच्या खोलीत ठेवावा. दुसऱ्या गोष्टीचे म्हणाल, तर खात्याच्या परीक्षेसाठी संध्याकाळचा एक तास राखून ठेवणाऱ्या माणसाचे पुणे रोज कोणीतरी घेते: कुटुंबाच्या गटावर वाद पेटतो, शेजारी सोसायटीच्या पाण्याचा प्रश्न घेऊन येतात. (सोसायट्यांच्या सभा जेवणाच्या वेळी का भरतात, हे मला अजून उमगलेले नाही.) यातले काहीच खोटे नसते, परंतु तासाभराने उत्तर दिले म्हणून काही बिघडतही नाही. परत यायचेच आहे, ते आपल्या वेळेने यावे. जे काम झाल्यावर बाकीची धावपळ आपोआप थांबणार आहे, त्याच्या रोखाने चालत राहावे.

आणि एकदा जिंकले म्हणजे कायमचे जिंकले, असे मात्र समजू नका. सोडलेली सवय परत येते, तसा निजामही परत आला. 1737 च्या डिसेंबरात, पालखेडला दहा वर्षे होत आली असताना, तो मोठी फौज आणि तोफा घेऊन भोपाळला उतरला. बाजीरावांनी काही नवे शोधले नाही. त्यांनी तटाजवळ जाणे टाळले, पुन्हा रसद तोडली, आणि जानेवारीत दुराई-सराई येथे निजामाने माळवा मराठ्यांना देण्याचे कबूल केले. नमस्कार.