एक दात कमी

मागच्या टायरवर खडूची एक रेघ. तशीच रेघ खाली फरशीवर. मेस्त्री गाडी हळूच पुढे ढकलतात, टायरवरची रेघ फिरून पुन्हा जमिनीला टेकते, तिथे दुसरी खूण. मग टेप. १ मीटर ८७ सेंटिमीटर. चाकाच्या एका फेरीत गाडी एवढीच पुढे जाणार, इंजिन कितीही ओरडू दे.

गाडी शंभर सीसीची, दूधवाल्या काकांची. पहाटे वाईतून निघायचं, दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरच्या किटल्या, आणि पसरणी घाट चढून पाचगणी. रस्ता साधारण १२ किलोमीटरचा, चढ साडेपाचशे मीटरहून जास्त. काकांची तक्रार एकाच वळणाची. "तिसऱ्यात धरत नाही, दुसऱ्यात नुसती बोंबलते." कुणीतरी त्यांना सव्वाशे सीसीची नवी गाडी घ्यायला सांगितलं होतं. मेस्त्रींनी पाना उचलला.

प्लग काढलाय, गिअर चौथा. आता मॅग्नेटकडे बघा, इंजिनासोबत फिरणारी ही चकती. मागचं चाक हाताने एकदा फिरवलं, तेवढ्यात मॅग्नेट फिरला अकरा वेळा. म्हणजे इंजिनाने अकरा फेऱ्या मारायच्या, तेव्हा रस्ता कापला जातो १ मीटर ८७. ताशी ५० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ४४५ वेळा फिरतं. अकराने गुणा. इंजिन ४,९०० च्या घरात.

हे अकरा तीन ठिकाणी मिळून होतात: क्लचपाशी, गिअरबॉक्समध्ये आणि शेवटी चेनवर. पहिल्या दोन ठिकाणी हात घालायचा तर इंजिन उघडावं लागतं. चेनचा हिशोब मात्र उघड्यावर आहे. पुढच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चक्राला, १४ दात, मागच्याला ४२. पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं, तेव्हा मागचं एकदा.

हे निघालं पुढचं. दातांची टोकं बघा, झिजून एका बाजूला कललीत. त्या जागी १३ दातांचं. चेन सैल पडते, म्हणून चाक जरा मागे ओढून घ्यायचं, ताण बोटाने दाबून बघायचा, नट आवळायचा. पुन्हा खडू, पुन्हा मोजणी. या वेळी बारा भरायला थोडंच कमी. त्याच गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर पावणेआठ टक्क्यांच्या आसपास वाढला. खर्च एका स्प्रॉकेटचा.

काकांना मागे जाड टायरही हवा होता, २.७५ इंचीच्या जागी ३.०० इंची. मेस्त्री मान हलवतात. "घेर चार सेंटिमीटर वाढतो, काका. इकडून कमवायचं, तिकडून घालवायचं."

सपाटीला ५० वर इंजिन आता ५,३०० च्या आसपास फिरणार, पेट्रोलही थोडं जास्त लागेल. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकाला आहे, त्यामुळे काटा पहिल्यासारखाच बरोबर.

पसरणी घाट. अजून उजाडायचंय. किटल्या भरलेल्या, झाकणांवर ओलं फडकं. तेच वळण. काकांचा डावा पाय गिअरवर आहे.

(इथे निवेदन नाही. फक्त इंजिनाचा आवाज.)

पाय हलला नाही. गिअर तिसराच.