लिंबूटिंबूची जागा

(बालवाडीच्या ताई आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आधी एक विचारते. लहानपणी तुमच्यातलं कोण कोण लिंबूटिंबू होतं? बरेच हात वर आले. बरं झालं, माझं अर्धं काम झालं.

धाकट्याला बरोबर घेतल्याशिवाय आई खेळायला सोडायची नाही, म्हणून लपंडावात, लगोरीत त्याला घ्यावंच लागायचं. पण त्याच्यावर राज्य नाही, तो आऊट झाला तरी आऊट नाही. तो आपला सगळ्यांच्या मागे धावायचा. एखादं वर्ष असं गेलं की एक दिवस भोकाड पसरायचा, "मी नाही लिंबूटिंबू, माझ्यावर पण राज्य द्या!" तोवर सगळे नियम त्याला आलेले असायचे. शिकवले कुणी? कुणीच नाही.

आता ह्या लिंबूटिंबूला टीव्हीसमोर बसवू. गेल्या मे महिन्यात माझ्या बहिणीकडे माळ्यावरून जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम उतरवला. कॅसेट फुंकून घातली आणि नवल म्हणजे चालू झाली. दहा वर्षांचा भाचा मारिओ, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा तो खेळ, खेळायला बसला. शेजारी साडेतीन वर्षांची भाची, हातात दुसरा रिमोट. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती, पण बाई जिवाच्या आकांताने बटणं दाबत होत्या. बहीण म्हणाली, "ही नुसती बघत बसते गं. ह्यातून काय शिकणार?"

मारिओचा तो पहिला टप्पा १९८५ सालचा, शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेला. त्यात सूचना अशी एकही नाही. मारिओ पडद्याच्या डाव्या कडेला उभा असतो, उजवीकडे सगळी मोकळी जागा. म्हणजे जायचं कुठे ते कळलं. चार पावलांवर कपाळाला आठ्या घातलेला एक गुंबा, म्हणजे मारिओचा शत्रू, चालत येतो. काहीच केलं नाहीत तर तो धडकतो आणि मारिओ मरतो. खेळ नुकताच सुरू झालेला, त्यामुळे नुकसान फारसं नाही. दुसऱ्या खेपेला माणूस उडी मारतो. डोक्यावर प्रश्नचिन्हाची पेटी चमकत असते, तिला डोकं आपटलं की नाणं निघतं. पुढच्या एका पेटीतून मशरूम निघतो, घरंगळत जातो, हिरव्या पाइपाला आपटून परत मारिओकडेच येतो. शत्रू समजून पळायचं म्हटलं तरी तो चुकवणं अवघड, आणि खाल्ला की मारिओ मोठा होतो! बालवाडीचा पाठ इतका नेटका आखायला मला तरी जमलेलं नाही.

खेळणाऱ्याला ह्यातल्या प्रत्येक चुकीची किंमत एका लाइफने, म्हणजे मारिओच्या एका जिवाने, मोजावी लागते. बघणारीला ते सगळं फुकट. शिवाय तिचं लक्ष अंगठ्यात अडकलेलं नसतं, म्हणून पुढचं संकट आधी तिलाच दिसतं. चौथ्या दिवशी माझी भाची ओरडत होती, "दादा, खड्डा! आता नको, थांब, आता मार उडी!" ह्या एका वाक्यात अंदाज आहे, क्रम आहे, वाट बघणं आहे. आणि दादा तिच्यावर खेकसतो, कधी तिचं ऐकतो, कधी ऐकत नाही आणि खड्ड्यात पडतो. मग तिचा आनंद बघावा!

आता तुमच्या मनातलं बोलते. मग मोबाइलवर दुसरं कुणी खेळतानाचे व्हिडिओ लावून दिले तर? चित्र तेच, खड्डाही तोच.

नाही. निदान अगदी लहान मुलांसाठी तरी नाही. १९९८ साली अमेरिकेत जॉर्जिन ट्रोसेथ आणि ज्युडी डिलोच या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. शेजारच्या खोलीत एक खेळणं लपवलं. दोन वर्षांच्या काही मुलांनी ते लपवताना खिडकीतून पाहिलं, काहींनी टीव्हीवर. खिडकीतून बघणाऱ्यांनी जवळजवळ दर वेळी जाऊन बरोबर शोधलं. टीव्हीवर बघणाऱ्यांना निम्म्या वेळाही जमलं नाही. अडीच वर्षांची मुलं बरीच पुढे गेलेली होती. म्हणजे पडद्यावरचं आपल्या खोलीशी जोडायला मूल हळूहळू शिकतं. २०१४च्या एका प्रयोगात अशीच दोन-अडीच वर्षांची मुलं नवी क्रियापदं व्हिडिओ कॉलवरून शिकली, समोरासमोर बसून शिकली, पण आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत. कॉलवरची बाई मुलाच्या बोलण्याला, बघण्याला त्याच क्षणी उत्तर देत होती. रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही. ज्यांची नातवंडं परदेशात आहेत त्या आज्यांना हा प्रयोग सांगायची गरज नाही. त्या कॉलवर "माऊ कुठंय?" विचारून मुद्दाम थांबतातच.

म्हणून माझा सगळा भरवसा त्या खेकसणाऱ्या दादावर आहे. टीव्ही त्यात निमित्तमात्र. वेळेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवलंय: एक वर्षाच्या मुलाला पडदा नको, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, कमी असेल तर बरंच. ह्यावर मी वाद घालत नाही. आणि दादा गोळीबाराचा खेळ खेळत असेल तर धाकटीला तिथून उठवा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१च्या प्रयोगात मोठ्या माणसाने फुगीर बाहुलीला बडवलेलं बघून बालवाडीतल्या मुलांनी तसंच बडवलं होतं, त्याच्या तोंडच्या शब्दांसकट. बघण्याने गुंबाही शिकता येतो आणि गुद्देही.

माझ्या भाचीचं पुढे काय झालं, विचारताय? सुट्टी संपताना तिने राज्य मागितलं. दादाने उदार होऊन चालू रिमोट हातात दिला. बाई सरळ चालत गेल्या आणि पहिल्याच गुंब्याला धडकल्या. पुन्हा धडकल्या. तिसऱ्यांदाही! सगळं डोक्यात होतं, अंगठ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग तिने शांतपणे रिमोट परत केला आणि म्हणाली, "तू खेळ. मी सांगते."