मानेतून हातात उतरणारी कळ

आत येताना निदान चार-पाच जणांच्या काखेत मला एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी दिसली. व्याख्यान संपल्यावर त्या फिल्म मी जरूर पाहीन. पण पिशवी उघडण्याआधी मी तुम्हाला विचारणार आहे, की कळ कुठून निघते, कोणत्या बोटापर्यंत जाते, आणि हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं का. हा क्रम मी का धरतो, तेच आज सांगायचं आहे.

मानेत मणके सात आहेत आणि नसांच्या जोड्या आठ. इथे डॉक्टरांच्याही मोजण्यात गफलत होऊ शकते, म्हणून जरा सावकाश सांगतो. पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून बाहेर पडते, दुसरी दुसऱ्याच्या वरून, असं सातव्यापर्यंत चालतं. उरलेली आठवी सातव्या मणक्याच्या खालून निघते. त्यामुळे पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी सरकली, तर साधारणपणे सहावी नस दबते. सहाव्या-सातव्यामधली सरकली, तर सातवी. सहावीची कळ अंगठ्याकडे जाते, सातवीची मधल्या बोटाकडे, आठवीची करंगळीकडे. माणसागणिक हा नकाशा थोडा हलतो, पण कामाला येतो. सगळ्यांत जास्त वेळा दबते ती सातवी, तिच्या खालोखाल सहावी.

माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. उजव्या खांद्यामागून कळ निघून मधल्या बोटात मुंग्या, रात्री कूस बदलता येईना. त्यांची खरी तक्रार वेगळीच होती: "डॉक्टर, पोळी लाटताना लाटण्यावर जोरच येत नाही." दंडाच्या मागचा, कोपर सरळ करणारा स्नायू सातव्या नसेवर चालतो. कोपराच्या मागे हातोडी मारली तर उजव्या हाताचा रिफ्लेक्स आला नाही, डावा छान आला. मान मागे व उजवीकडे कलवून डोक्यावर हलका दाब दिला, तशी कळ थेट बोटात गेली. ही तपासणी १९४४ पासून स्पर्लिंग यांच्या नावाने ओळखली जाते. हात बरगडीलगत सोडला की दुखायचं, डोक्यावर ठेवला की थांबायचं.

एमआरआय त्यांनी आधीच करून आणला होता. रिपोर्टात पहिल्याच ओळीत पाचव्या-सहाव्यामधला फुगवटा, तोही डावीकडे. घरच्यांनी तेवढंच वाचून ऑपरेशनची चौकशी सुरू केली होती. तपासणीची चिठ्ठी पाहिली तर तिच्यावर फक्त "मानदुखी" असं लिहिलेलं. रेडिओलॉजिस्टने दिसेल ते सगळं लिहिलं, तो बिचारा आणखी काय करणार? मी रेडिओलॉजिस्टला फोन करून सांगितलं की उजवी सातवी नस बघा. सहाव्या-सातव्याच्या आडव्या छेदांत उजवीकडे, नस बाहेर पडते त्या खिडकीतच गादीचा तुकडा होता. रिपोर्टात तो शेवटून दुसऱ्या ओळीत आलेला होता.

मग डावीकडचा फुगवटा काय होता? तो खराच होता, पण दुखवत नव्हता. १९९० साली अमेरिकेत मानेची कसलीही तक्रार नसलेल्या ६३ जणांचा एमआरआय केला. चाळिशीच्या आतल्यांत १४ टक्के आणि पुढच्यांत २८ टक्के लोकांत ठळक दोष दिसले. २०१५ साली जपानमधून १,२११ निरोगी लोकांचा अभ्यास आला. त्यात ८७.६ टक्के लोकांच्या मानेत गादीचा फुगवटा होता, विशीतल्यांतसुद्धा दहातल्या सात-आठ जणांना. म्हणून रिपोर्टात "बल्ज", म्हणजे फुगवटा, हा शब्द वाचून रात्रभर जागू नका, हे मी हात जोडून सांगतो.

हे यंत्र नेमकं काय बघतं? मोठ्या चुंबकाच्या आत, शरीरातल्या पाण्यामधल्या आणि चरबीमधल्या हायड्रोजनकडून येणारे संकेत ते पकडतं. क्ष-किरण नसतात. एमआरआयच्या टी-टू नावाच्या एका प्रकारच्या चित्रात मज्जारज्जूभोवतीचं पाणी पांढरं दिसतं आणि मज्जारज्जू करडा. पाण्याची ती पांढरी कड कुठे पुसली गेली, खिडकीत नसेभोवतीची चरबी कुठे नाहीशी झाली, हे आम्ही शोधतो. मानेच्या खिडक्या सरळ बाजूला उघडत नाहीत, सुमारे ४५ अंश पुढे वळलेल्या असतात. म्हणून नुसते उभे छेद पाहून खिडकीबद्दल बोलू नये. आडवे बघावेत, शक्य तर तिरपेही घ्यावेत. शिवाय चित्र आडवं झोपवून घेतलेलं असतं, आणि कळ येते ती मान मागे नेल्यावर. नसेला दाबाइतकाच त्रास सुजेचा होतो, आणि ती सूज साध्या चित्रात सहसा दिसत नाही.

पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट असेल तर आधी सांगा. लेथवर किंवा ग्राइंडरवर काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, तेही सांगा.

आता घाई कधी करायची. शर्टाची बटणं लावता येईनात, अक्षर बिघडलं, चालताना पाय अडखळतात, लघवीवरचा ताबा सुटतो, तर मज्जारज्जू दबत असण्याची शक्यता आहे. हाताचा जोर दिवसेंदिवस कमी होतोय, ताप आहे, वजन उतरतंय, पूर्वी कर्करोग झालाय, तेव्हाही थांबू नका. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आहे, तो मनात ठेवावाच लागतो. अशा वेळी एमआरआय ताबडतोब. आणि डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीवर दडपण, घाम असेल तर आधी ईसीजी.

एरवी साधारण सहा आठवडे औषधं, हळूहळू व्यायाम आणि वाट पाहणं. अमेरिकेतल्या रोचेस्टर गावात १९७६ ते १९९० या काळातल्या ५६१ रुग्णांची नोंद आहे. सुमारे चौथ्या भागाला ऑपरेशन लागलं, आणि शेवटच्या तपासणीत ९० टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा अगदी थोडा होता.

मधल्या बोटात मुंग्या म्हणजे मानच, असंही नाही. रात्री हात झटकल्यावर बरं वाटत असेल तर मनगटातली नस दबलेली असू शकते. करंगळी बधिर असेल तर मी कोपरामागची नस चाचपतो. ती दोरीसारखी जाड लागली आणि कातडीवर बधिर चट्टा असला, तर कुष्ठरोगाचा विचार आधी. त्यावर पूर्ण बरं करणारी औषधं आहेत, पण उशीर झाला तर बोटं वाकडी होतात. मानेचा एमआरआय करत बसण्यात तो वेळ जाऊ नये.

"सरकलेली गादी परत आत जाते का?" असा एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. आत जात नाही. पण बाहेर आलेला तुकडा शरीरातल्या पेशी काही महिन्यांत शोषून घेऊ शकतात, आणि मोठे तुकडेही पुष्कळदा विरतात. त्या शिक्षिकांची कळ सातव्या आठवड्यात उतरली. एमआरआय पुन्हा केला नाही. दर दोन आठवड्यांनी दंडाचा जोर तपासत राहिलो. आता त्या पोळ्या लाटतात. कोपराचा रिफ्लेक्स मात्र अजून पूर्ण परतलेला नाही.