पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव

श्रोतेहो, नमस्कार. पाळी कायमची थांबली की गर्भाशयाची काळजी संपली, असे अनेक स्त्रिया समजतात. प्रत्यक्षात गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुतांशी पाळी गेल्यानंतरच आढळतो आणि निदानाच्या वेळी रुग्णाचे वय सरासरी साठीच्या आसपास असते.

याचे एक कारण असे की, पाळीच्या वर्षांत अस्तराच्या पेशी दर महिन्याला नव्याने वाढत असताना त्यांच्या जनुकांत बारीक बदल राहून जातात आणि निरोगी अस्तरातही ते वयानुसार साठत जातात. त्यात संप्रेरकांची भर पडते. इस्ट्रोजेन अस्तर वाढवते, तर प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालते. रजोनिवृत्तीनंतर बीजकोशांतून प्रोजेस्टेरॉन येणे थांबते. शरीरातील चरबी मात्र इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन तयार करीतच राहते, त्यामुळे वजन फार वाढलेल्या स्त्रीच्या अस्तराला वाढीची चालना मिळत राहते आणि ती रोखणारे काही उरत नाही. मधुमेहानेही धोका वाढतो. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनीही सावध असावे, पण ते औषध आपल्या मनाने बंद करू नये.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ‘या वयात असे व्हायचेच’ या वाक्याची. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कपड्याला लागलेला एखादा लालसर किंवा तपकिरी डागसुद्धा वयाच्या खात्यावर टाकू नये. अशा रक्तस्रावाचे कारण बहुतेक वेळा साधेच निघते, सुमारे दहांपैकी एकीलाच कर्करोग असतो. परंतु ज्यांना हा कर्करोग होतो, त्यांच्यापैकी जवळजवळ 90 टक्के स्त्रियांना आधी रक्तस्राव झालेला असतो. इतकी स्पष्ट सूचना फार थोडे कर्करोग देतात, आणि संकोचापायी ती महिनोन्‌महिने दडवली जाते याचे वाईट वाटते.

तपासणी अवघड नाही. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. ती 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फारच कमी असते. जाडी जास्त असेल किंवा डाग पुन्हा दिसला, तर अस्तराचा नमुना घेऊन बायोप्सी करतात. पॅप तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी असते, म्हणून तिचा अहवाल चांगला आला तरी या रक्तस्रावाची वेगळी तपासणी करून घ्यावी. रोग गर्भाशयापुरताच असताना सापडला, तर बहुतेक स्त्रिया शस्त्रक्रियेने बऱ्या होतात.

डॉक्टरांकडे जाताना पाळी केव्हा गेली, डाग कोणत्या तारखेला दिसला, कोणती औषधे चालू आहेत आणि घराण्यात कोणाला गर्भाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता का, हे कागदावर लिहून न्यावे.