हरणाच्या दातातली बाई

नमस्कार श्रोतेहो. जुन्या वस्त्या खणताना हाडाचे मणी मिळतात, पदकं मिळतात, भोक पाडलेले दात मिळतात. मिळतात, पण ते ल्यायलं कोण, हे कळत नाही. सांगाड्याच्या गळ्यातच सापडले तर गोष्ट वेगळी. एरवी लेबलावर लिहायचं ‘हाडाची वस्तू’ आणि कपाट बंद. आपल्या संग्रहालयांतली लेबलं हा तर स्वतंत्र भाषणाचा विषय आहे! पाचवीतल्या पोराला त्यातून काय उमगावं, देव जाणे. असो.

तर मला सांगायचंय ते सायबेरियातलं. तिथे अल्ताई पर्वतात डेनिसोव्हा नावाची गुहा आहे. २०१९ साली तिथे वापिटी या थोराड हरणाचा एक दात निघाला. दाताला आरपार भोक, म्हणजे गळ्यात घालायचा. काढणाऱ्यांनी हातमोजे घातले होते. हातमोजे घातले होते, एवढं ध्यानात ठेवा.

दात गेला जर्मनीत, लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत. तिथे एलेना एसेल आणि त्यांचे सहकारी त्यातला डीएनए काढायच्या खटपटीत. नेहमीची रीत म्हणजे ड्रिल लावून भुकटी करायची. पण मग दागिना कुठला उरतो? यांनी दात सोडियम फॉस्फेटच्या द्रावणात बुडवला आणि टप्प्याटप्प्यानं तापवला. आधी २१ अंश, मग ३७, मग ६०, शेवटी ९०. चिवट डाग गरम पाण्यात सुटावा तसा डीएनए सुटत गेला. दात शाबूत.

आणि त्या पाण्यात सापडले कोण? एक हरीण. आणि एक बाई! १९ ते २५ हजार वर्षांपूर्वीची बाई. नातं जुळलं ते सायबेरियात आणखी पूर्वेला राहणाऱ्या त्या काळच्या लोकांशी. दात तिनं घडवला, गळ्यात घातला, की दोन्ही केलं, ते मात्र डीएनए सांगत नाही. चित्रांत हरणाचा दात नेहमी दाढीवाल्या शिकाऱ्याच्या गळ्यात का असतो, हे मला कधी कळलेलं नाही.

हे साधलं, कारण हाड आणि दात सच्छिद्र असतात. सच्छिद्र, म्हणून घाम, लाळ, रक्त आत मुरतं. २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात हे सगळं छापून आलं.

आता हातमोजे. याच मंडळींनी आधी फ्रान्समधल्या एका गुहेतल्या, १९७० ते १९९० च्या दशकांत काढलेल्या वस्तू तपासल्या होत्या. त्यांतून निघाला तो बहुतेक हाताळणाऱ्यांचाच डीएनए! म्हणून त्यांचं सांगणं असं, की खणताना हाडाची किंवा दाताची वस्तू दिसली, तर आधी हातमोजे आणि मास्क चढवा, मगच हात लावा.